हळदीला न चालणारा हात

आमच्या तालीम मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज वरचेवर फिरत असतो. अडीअडचणीचे नंबर. पाण्याचा टँकर, वायरमन, अँब्युलन्स, तिरडीचं सामान आणि त्याच्या खाली मी. माझ्या नंबरापुढं लिहिलंय, 'बायकांची आंघोळ'. जिवंत बायकांची नव्हे, हे वाचणाऱ्यानं आपलं आपण समजून घ्यायचं. मला विचारलं का कुणी? छे! परस्पर टाकून मोकळे. नवऱ्यानं तो मेसेज पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी जेवत होते, घास तसाच हातात राहिला. "अगं, मान हाय तुला गल्लीत," तो म्हणाला. मान म्हणे! टँकर आणि तिरडीच्या रांगेतला मान.

मंगळवार पेठेतलं आमचं घर दोन मजली. खाली मी आणि माझा नवरा, आणि रस्त्याच्या अंगाला आमचं कांडप. उन्हाळ्यात गल्लीची सगळी चटणी आमच्याकडं कांडली जाते, त्या दिवसांत आमच्या दारावरून जाणारा प्रत्येक माणूस शिंकत जातो. वरच्या मजल्यावर धाकटा दीर, जाऊ, त्यांची मुलगी आणि मुलगा. माहेर माझं कबनूरचं. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले, त्यामुळं मला हळू बोलता येत नाही. खरं सांगायचं तर हळू रागवताही येत नाही.

गल्लीत बाई वारली की तिला शेवटची आंघोळ बायकाच घालतात. बाहेर पुरुष तिरडी बांधतात, आत साड्यांचा आडोसा धरून आम्ही. मी हे पहिल्यांदा केलं ते समोरच्या घरातली म्हातारी गेली तेव्हा. तिच्या सुना भिंतीला चिकटून उभ्या, लेक रडून रडून आडवी झालेली, आणि बाहेरून पुरुष "आटपा, आटपा" म्हणून ओरडायला लागलेले. मी पदर खोचला आणि तांब्या उचलला. एवढंच झालं. पुढच्या वेळी लोकांनी आधी मलाच हाक मारली, आणि त्याच्या पुढच्या वेळी मला येताना बघून बाकीच्या बायका आपसूक मागं सरकल्या.

खोटं कशाला बोलू, मला ते काम मनापासून आवडतं. आवडतं म्हटलं की लोक माझ्याकडं विचित्र नजरेनं बघतात. बघू देत. कडक झालेला कोपर कोमट पाण्यानं हळूहळू चोळला की सैल होतो, मग ब्लाऊजची बाही ओढाताण न करता चढते. केसांचा गुंता टोकाकडून सोडवत वर यायचं. सवाशीण असेल तर हिरवी साडी, हातात हिरवा चुडा, कपाळभर मळवट. आणि अंगावर घालायच्या आधी पाणी मी माझ्या मनगटावर घेऊन बघते. एकदा एक बाई फणकाऱ्यानं म्हणाली, "आता तिला काय कळतंय, गरम हाय का गार?"

"तिला न्हाय कळत, मला कळतंय की," मी म्हणाले.

घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करून चहाला बसले की मला इतकं निवांत वाटतं की काय सांगू. जन्मभर ज्या बाईनं दुसऱ्यांना न्हाऊ घातलं, तिला जाताना कुणीतरी नीट न्हाऊ घातलं, आणि ते मी घातलं. देवळातून येऊनही मला तसं वाटत नाही.

यामागं आणखी एक गोष्ट आहे. माझी आई कोरोनात गेली. तिकडंच, दवाखान्यात. भावाचा फोन आला, पण त्या दिवसांत कोण कुठं जाऊ शकत होतं? मला तिचं तोंडसुद्धा दिसलं नाही. पिशवीत गुंडाळून नेली तिला. मी गल्लीतल्या इतक्या बायकांचे केस विंचरले, आणि माझ्या आईचे केस कसे होते शेवटी, गुंता झाला होता का, कुणी सारखे तरी केले का, मला ठाऊक नाही. त्यानंतर मी प्रत्येक बाईला पाणी घालताना एक तांब्या मनातल्या मनात आईच्या नावानं घालत आले. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

आता हळदीचं सांगते.

वरच्या मजल्यावरची आमची पुतणी माझ्या मांडीवर वाढली. मला पोर नाही, आणि जाऊ तेव्हा नोकरीला जायची. सकाळी पोरगी खाली सोडायची, संध्याकाळी न्यायची. ती मला मोठी आई म्हणते. कांडपातल्या खुर्चीवर बसून तिनं अभ्यास केला, शिंकत शिंकत. तिचं लग्न ठरलं तेव्हा जोतिबाच्या डोंगराखालच्या गावातली चांगली शेतीवाडीची माणसं मिळाली, आणि मी मनाशी ठरवलं की हिच्या अंगाला लागणारी हळद मीच कांडणार आणि पहिला हात मीच लावणार.

आमच्या मशीनवर बारा महिने मिरची. त्यात हळद कांडायची म्हणजे खायचं काम नाही. मिरचीचा जरा जरी अंश राहिला तर नवरीच्या अंगाची आग होईल. म्हणून मी आधी गिऱ्हाइकं बंद केली. उखळ घासलं, त्यात आपटणारे लोखंडी डंखे घासले, चाळण घासली. मग तांदूळ फिरवले, मग जाडं मीठ, मग परत तांदूळ. शेवटचं पीठ मी माझ्या गालाला चोळून बघितलं, पापणीलासुद्धा लावून बघितलं. कुठं चुरचुरलं नाही. नवरा म्हणाला, "देवाच्या मूर्तीला तरी एवढं घासत असतील का गं?" हळकुंडं मी गच्चीवर वाळत घातली होती.

ती आणायला गेले तर गच्ची रिकामी.

जाऊ स्वयंपाकघरात होती. विचारलं तर आधी ऐकूच न आल्यासारखं केलं. मग म्हणाली, "ती पाठवली की दुसऱ्या कांडपात."

"का? आपलं कांडप काय जळालंय का?"

"तसं न्हवं आक्का. पोरीचं सासर जुन्या वळणाचं हाय. तुमी त्या कामाला जाता न्हवं... मेलेल्यांच्या. उद्या कुणी काय बोललं तर?"

मी सवाशीण बाई. नवरा माझा धडधाकट, खाली बसून पेपर वाचतोय. कपाळावर हे एवढं कुंकू. तरी माझा हात हळदीला चालत नाही! का, तर मी यांच्याच आयांना, सासवांना न्हाऊ घातलं. जिच्या सासूला मी साडी नेसवली, ती हळदीला आधी बोलावलेली. ज्यांनी भिंतीला चिकटून तोंडाला पदर लावला, त्या ओवाळायला पुढं. आणि काम केलं ती विटाळाची. वा रे न्याय! पण लग्नाचं घर, पोरगी शेजारच्या खोलीत. मी जीभ दाताखाली धरून खाली आले.

दुसऱ्या दिवशी वर हळद चाललेली, आणि मी खाली कांडपात एकटी. गाणी ऐकू येत होती. एकाएकी गाणी थांबली आणि आरडाओरडा सुरू झाला. जाऊ जिन्यातून धडपडत खाली आली. "आक्का, लौकर वर चला! पोरीच्या तोंडाची आग आग व्हायला लागलीया!"

काय झालं असेल ते मी जागेवरच ओळखलं. त्या दुसऱ्या कांडपवाल्यानं मशीन नुसतं फडक्यानं पुसून हळकुंडं घातली असणार. यांना माझा हात नको होता ना, मग घ्या म्हणावं, मिरचीची हळद घ्या! हे मी मनात म्हणाले. तोंडानं म्हणायला वेळ नव्हता. फ्रिजमधून दूध आणि साय घेतली आणि धावले.

पिवळी साडी नेसलेली माझी पोर पाटावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. गाल लाल, मान लाल. भोवती बायकांचं कोंडाळं, आणि हात लावायला एकही पुढं नाही. मी तिचं तोंड गार दुधानं पुसलं, परत पुसलं, मग साय लावली. फुंकर घालत बसले. हळूहळू तिचा श्वास जाग्यावर आला. तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "मोठी आई, मशीन तू घासलं होतंस की. मग आपली हळद कुठाय? तूच लाव मला."

मी जाऊकडं बघितलं. तिनं मला कोपऱ्यात घेतलं, आवाज खाली आणला. "साय लावलीसा, लई उपकार झाले. पण हळद नका लावू. सासरकडच्या बायका आल्यात, बघत्यात."

साय लावायला माझा हात चालतो! मिरची पुसायला चालतो, मेलेल्याला न्हाऊ घालायला चालतो, फक्त हळदीला चालत नाही. मी साईची वाटी उचलली आणि वळले. लोक म्हणतात मी तेव्हा फार समजूतदारपणा दाखवला. कसला डोंबलाचा समजूतदारपणा! मी खाली आले, इतक्या मायेनं घासलेल्या त्या उखळात मिरचीचं अख्खं पोतं ओतलं आणि मशीन चालू केलं. थोड्या वेळात वरचा सगळा मांडव शिंकायला लागला. नवरीला शिंका आल्या त्याचं वाईट वाटलं. बाकी कुणाचं नाही, सासरकडच्यांचंही नाही.

लग्न झालं. पोरगी सासरी गेली. मी आतून करपत राहिले. नवरा म्हणाला, "सोडून दे की ते काम. कशाला जातीस मरायला?" मीही सोडायचंच ठरवलं होतं. पण शेजारच्या बोळात एक बाई गेली आणि मला घरात बसवेना. हात नुसते सळसळत होते, शेवटी गेले आणि तिला न्हाऊ घातलं. तेव्हा मला कळलं की मी त्या कामावर रागावलेलीच नाही. मी रागावले होते ती आयता तांब्या माझ्या हातात देऊन बाजूला होणाऱ्यांवर. मग काम मी का सोडावं? त्यांचं बाजूला होणं बंद केलं पाहिजे.

त्याच संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं. "आजपासनं मी येणार, पर पाणी मी घालणार न्हाय. घरातल्या बाईनं घालायचं. लेक असंल तर लेकीनं, सून असंल तर सुनंनं. मी शेजारी बसून सांगीन. ज्या घरात कुणी हात लावणार न्हाय, त्या घरात मी पाय ठेवणार न्हाय. आणि आधी माझा नंबर काढा त्यातनं."

मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "काकी, असं करून कसं चालंल ओ?"

"मग तुमी घाला की," मी म्हणाले आणि निघाले.

नंबर काढला नाहीच. उलट त्यापुढं आणखी लिहिलं, 'काकी हात लावत नाहीत.' काय म्हणावं या माणसांना! गल्लीत बायका बोलायला लागल्या, हिला शिष्टपणा आला, पुतणीच्या हळदीचा राग मढ्यावर काढतीया. माझ्या कानावर येईल इतक्या मोठ्यानं बोलत होत्या.

पहिली कसोटी लगेच आली. कोपऱ्यावरच्या नव्या बिल्डिंगमधली एक बाई वारली. तिची मुलगी पुण्याहून आली होती. मला म्हणाली, "काकू, मला हे नाही जमणार. तुम्ही प्रोफेशनली करता ना?"

प्रोफेशनली! माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं. स्टूल ओढलं, त्यावर बसले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "बाळ, पाणी कोमट झालंय. तू घालेपर्यंत मी इथनं हलत न्हाय. गार झालं तर परत तापवू." बाहेर पुरुष ओरडले, मी आतून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. कबनूरचा आवाज आहे माझा. शेवटी त्या मुलीनं तांब्या घेतला. मी सांगत गेले, ती करत गेली. पाठ चोळता चोळता ती थांबली. "आईच्या पाठीवर तीळ आहे," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं." आणि मग जी रडली, ती पोट रिकामं होईपर्यंत रडली. जाताना माझ्या गळ्यात पडली. घरी येऊन चहाला बसले, तर हात न लावताही मला तेच निवांतपण आलं होतं. उलट जरा जास्तच.

त्यानंतर वर्षभरात काहींनी माझी अट मानली, काहींनी मला शिव्या देऊन दुसरी बाई शोधली. शोधू देत.

जावेची आई तेव्हा वरच राहायची. जाऊ तिची एकुलती एक. म्हातारी सकाळी काठी टेकत खाली यायची, कांडपातल्या खुर्चीवर बसायची आणि शिंक आली की खुदुखुदू हसायची. लेकीशी माझं बोलणं कामापुरतं, पण आईशी माझं चांगलं जमायचं. तिनं एकदा मला विचारलं होतं, "मला बी तूच घालशील न्हवं गं?" मी विषय बदलला होता.

एक दिवस दुपारी जेवून ती पडली ती उठलीच नाही. जाऊ जिन्यातून खाली आली, पण धडपडत नव्हे. एकेक पायरी उतरत आली. "आक्का, आई गेली. तुमी वर चला."

मी लगेच गेले. पाणी तापवलं, आडोसा लावला. जावेनं तांब्या माझ्या हातात दिला आणि ती वळली.

"कुठं निघालीस?"

"मला बघवत न्हाय. तुमीच घाला."

"तुझी आई हाय. पाणी तू घालायचंस."

ती गर्रकन फिरली. "हळदीचा राग काढताय व्हय? आता? माझ्या आईच्या मढ्यावर?"

आडोशाच्या साड्या धरून उभ्या असलेल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. सगळ्यांना हेच वाटत होतं, आणि मला खोटं बोलता येत नाही. "व्हय, राग हाय," मी म्हणाले. "लई हाय, आन् तो जायाचा न्हाय. पर हे त्यापायी न्हाय. माझी आई पिशवीतनं गेली. मला तिचं तोंड दिसलं न्हाय, एक तांब्या पाणी घालायला मिळालं न्हाय. त्यासाठी मी किती तळमळले ते माझं मला म्हाईत. तुझी आई तुझ्या म्होरं हाय. तुला घालायला मिळतंय, आन् तू तांब्या माझ्या हातात देतीस?"

माझा आवाज फाटला होता. बाहेर गेला असणार, कारण बाहेरची कुजबूज थांबली. तेवढ्यात पुतणी सासरहून पोचली, आत आली आणि आजीच्या डोक्याशी बसून तिचा अंबाडा सोडायला लागली. टोकाकडून. हे पोरीनं माझ्याकडं बघूनच उचललेलं.

जावेनं माझ्या हातातून तांब्या घेतला. पातेल्यात बुडवला. आईच्या अंगावर धरला आणि मध्येच थांबली. थोडं पाणी स्वतःच्या मनगटावर ओतलं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मग पातेल्यात गार पाणी मिसळलं, परत मनगटावर बघितलं आणि आईच्या खांद्यावर हळूच सोडलं. मला पुढचं नीट दिसेना. डोळे पुसायला हात वर नेला तेव्हा कळलं की मी स्टुलावर बसलेच नव्हते, तिच्या मागं उभी होते.

त्यानंतर आमच्यात काही गोडवा वगैरे आला नाही. ती चहाला हाक मारायला लागली, मी कधी गेले, कधी नाही.

परवा तिच्या मुलाचं लग्न ठरलं. कांडपात गिऱ्हाईक नव्हतं, मी मिरच्यांची देठं खुडत बसले होते. जाऊ आली. हातात हळकुंडांची टोपली. ती समोर ठेवली आणि उभीच राहिली. जायचं नाव घेईना.

"काय गं?"

"एक इचारू आक्का?" आवाज इतका खाली, की मला पुढं वाकावं लागलं. "मी आईला पाणी घातलं न्हवं. ते सगळ्यांनी बघितलंय. आता पोराच्या हळदीला माझा हात चालंल का ओ?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती खरंच विचारत होती. घाबरली होती. एवढ्या महिन्यांत मी तिला सुनवायचं म्हणून काय काय ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"तुझा चालंल," मी म्हणाले. "माझाबी चालत हुता."

मी उठले आणि उखळ घासायची बादली तिच्या हातात दिली.